कपाटाचा सीन

ताई : अरे, हा तर टोप आहे!

भोंगा : कुठे?

ताई : हिरोच्या डोक्यावर. कानामागे बघ, डिंक ओघळलाय. आणि या केसांसाठी तू आरशासमोर उभा राहून पाण्याने भांग पाडायचास! शाळेची बस निघून जायची.

भोंगा : ताई, तू पिक्चर बघ. डोकी कसली बघतेस?

ताई : तासभर पिक्चरच बघतेय. मघाशी विमान गेलं, त्याला दोरा होता. खलनायकाची गुहा आली, तर ती वाऱ्याने हलली. दगडाची गुहा, भोंग्या! दोरीवरच्या चादरीसारखी फडफडली. या गुहेच्या भीतीने मी दिवसाढवळ्यासुद्धा पलंगाखाली वाकत नव्हते.

भोंगा : तेव्हा टीव्ही एवढासा होता, दोरे दिसायचे नाहीत. या मोठ्या टीव्हींनी सगळ्या जुन्या पिक्चरांची वाट लावली बघ.

ताई : टीव्हीचा काय दोष? मला एकदाही हसू आलं नाहीये. तुला आलं?

भोंगा : येईल. कपाटाचा सीन येऊ दे. त्याच्याआधीचं सगळं म्हणजे पाहुणे येईपर्यंत घातलेल्या सतरंज्या. पहिले एक-दोन रविवार सोडले तर आपण तरी कुठे आधीचं बघायचो? बाबा टेप पळवत थेट तिथे आणायचे. रिमोट दे, मी पळवतो.

ताई : पळवू नकोस, आता पूर्ण बघू. एवढी पायपीट करून आणलीयस.

भोंगा : पायपीट? अगं, मोहीम म्हण! जुन्या सामानाच्या बाजारात एक म्हातारा बसतो. त्याला एक डोळा, त्याच्या मांजराला तीन पाय, आणि दुकानाला दार नाही. मी पिक्चरची गोष्ट सांगितली, नाव काही आठवेना. आपण नाव कधी घेतलंच नाही ना, नुसतं ‘आपला पिक्चर’ म्हणायचो. म्हातारा म्हणाला, कपाटात बायकोला कोंडतो तो? मी म्हटलं, तोच! तो उठला, ढिगाऱ्यात कमरेपर्यंत शिरला, मांजर त्याच्या मागून शिरलं. बराच वेळ कुणीच बाहेर येईना. शेवटी मांजर आलं, तोंडात ही सीडी.

ताई : मांजराच्या तोंडात.

भोंगा : दातांचे व्रण आहेत वर, बघायचेत?

ताई : तुझ्या गोष्टीत माणूस नुसताच पाय घसरून पडत नाही. पडतो, उठतो, आणि उठताना एक बक्षीस घेऊन उठतो.

भोंगा : बाबांचाच मुलगा ना मी.

ताई : हं.

भोंगा : तुझं ते ‘हं’ कोर्टात ठेव. तिथे दिवसभर लोकांचं खोटं टाईप करतेस, घरी आलीस की भावावर उतरवतेस. तर ऐक, ठरलंय काय, परत सांगतो. सीन आला की मी तो मोबाईलवर घेतो. मग आपण दोघं मॅडमच्या बहिणीकडे जायचं.

ताई : मॅडम म्हणू नकोस. बायको आहे तुझी.

भोंगा : आत्ता मॅडमच आहे. फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर नाही, बहिणीला पुढे करते. आधी तू वर जायचं, तुला ती घरात घेईल. म्हणायचं, बाई गं, आमच्या घरात अशीच मस्करी चालते, लहानपणापासून. हा सीन बघ. आम्ही दोघं याच्यावर वाढलो. मग ती सीन बघेल, तिला हसू येईल, आणि मी खालून वर येईन.

ताई : फुलं घेऊन.

भोंगा : फुलं नको, ती म्हणेल खर्च केला. मी नुसताच येईन, तोंड पाडून. तोंड पाडायला मला छान जमतं.

ताई : आणि तिला हसू नाही आलं तर?

भोंगा : असं कसं? हसून हसून आपल्या पोटात दुखायचं, ताई. तू एकदा खुर्चीवरून पडली होतीस. माणसाला लिफ्टमध्ये जरा थांबवलं म्हणून कुणी संसार मोडतं का? मी रोज अडकलेली माणसं बाहेर काढतो. त्यांनी सगळ्यांनी संसार मोडले असते तर शहरात संसार उरला नसता.

ताई : त्यांना तू अडकवलेलं नसतंस.

भोंगा : अडकल्याने माणूस सुधारतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. ती भांडखोर शेजाऱ्यांची गोष्ट तुला सांगितलीय? वरच्याचं पाणी खालच्याच्या भिंतीत मुरायचं, सात वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. एक दिवस दोघं एकाच लिफ्टमध्ये अडकले. मला फोन आला. मी मुद्दाम आधी चहा घेतला, मग दाढी केली, मग गेलो. दार उघडलं तर काय, दोघं खाली बसलेले, चपला काढून, आणि एकाच्या मुलीचं दुसऱ्याच्या मुलाशी ठरलेलं! लग्नात मला पहिल्या रांगेत बसवलं. आणि तो पोपट? पिंजऱ्यासकट अडकलेला? बाहेर आला तेव्हापासून मजल्यांचे आकडे म्हणतो. चौथ्याला थांबतो, कारण तिथे त्याचा मालक उतरतो.

ताई : भोंग्या.

भोंगा : काय?

ताई : पोपट राहू दे. तिचं सांग. फोनवर तू म्हणालास, लिफ्ट जरा थांबवली. नीट सांग.

भोंगा : सांगण्यासारखं काही नाही. आमच्याच बिल्डिंगची लिफ्ट, देखभाल माझ्याकडे. मी वर मशीनच्या खोलीत होतो. ती आत शिरल्याचं कळलं. दोन मजल्यांच्या मधे आणली आणि मेन स्विच पाडला. मग जिन्याने खाली आलो, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि अगदी हिरोच्या आवाजात, ‘बोला राणीसरकार, राज्य कुणाचं?’

ताई : ती काय म्हणाली?

भोंगा : म्हणाली, चालू कर. मी म्हटलं, आधी उत्तर. उत्तर तर सोपं आहे, ‘तुमचं, तुमचं’, संपला खेळ. तिला ठाऊक होतं, घरात मी कितीदा म्हणतो. पण नाही! हट्ट. मग म्हणाली, प्लीज. मग दारावर थापा मारल्या. त्या पण बरोबर तालात पडत होत्या, ताई, सीनमधल्यासारख्या. आणि मग गप्पच बसली. मला वाटलं, हसतेय.

ताई : हसतेय असं का वाटलं?

भोंगा : श्वासाचा आवाज येत होता. भराभरा. हसू दाबताना येतो तसा.

ताई : आणि तू?

भोंगा : मी वर जाऊन संत्रं घेऊन आलो. हिरो खातो ना बाहेर बसून, एकेक फोड सोलत. सीन करायचा तर पुरता करायचा.

ताई : ती कुठे निघाली होती?

भोंगा : अशीच. बाहेर.

ताई : अशीच, म्हणजे भाजी आणायला?

भोंगा : नाही.

ताई : मग?

भोंगा : साक्षीदाराला पाणीसुद्धा देत नाहीस तू. इंटरव्ह्यूला निघाली होती. कुठल्या तरी दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत नोकरी होती. लांब. रोज जायला यायलाच चार तास.

ताई : तू नको म्हणाला होतास?

भोंगा : मी कशाला नको म्हणू? मी म्हटलं, बघ बाई, तुझं तू ठरव. चेष्टेत म्हटलं, राज्य तुझंच आहे. तर तिने ते खरंच धरलं. नवी चप्पल घातली, फाईल घेतली आणि निघाली.

ताई : इंटरव्ह्यू चुकला.

भोंगा : अशा नोकऱ्या छप्पन्न मिळतात. ताई, ताई! थांब, गप्प! आलं! तेच घर! जिना... झुंबर... आणि ते बघ कपाट!

ताई : एवढंसं?

भोंगा : बोलू नकोस! मोबाईल कुठाय... हां, चालू केला. बघ, तिने उलट उत्तर दिलं. त्याने हात धरला. ढकलली. किल्ली फिरवली. ‘बोला राणीसरकार, राज्य कुणाचं?’ आता बघ हं. आता खरी मजा. आता ती आतून...

ताई : ‘तुमचं, तुमचं.’

भोंगा : हो, आणि आता तो...

ताई : उघडलं.

भोंगा : उघडलं?

ताई : उघडलं. बागेत गेले. नाचतायत.

भोंगा : हे काय? मागे घे.

ताई : घेतलं.

भोंगा : ढकललं. किल्ली. राज्य कुणाचं. तुमचं, तुमचं... हे काय चाललंय! संत्रं कुठाय?

ताई : नाहीये.

भोंगा : थापा? त्या तालातल्या थापा? आपण थाळ्या वाजवायचो त्या तालावर! ती दमते, तिचा आवाज बारीक होत जातो, मग तो मुद्दाम म्हणतो, ऐकू नाही आलं, जोरात! पुन्हा जोरात! आणि ते दूध! दुधाचं वाक्य कुठाय? कापलंय, ताई. त्या एकडोळ्याने कापलेला पिक्चर गळ्यात मारला माझ्या. सगळा जीव होता त्या सीनमध्ये, तोच कापला मेल्यांनी!

ताई : कापलेलं कळतं. इथे सलग आहे. तिचं ‘तुमचं’ संपायच्या आधी त्याचा हात किल्लीवर गेलाय.

भोंगा : मग दुसरी प्रत असेल. आपल्या टेपवर मोठा होता सीन. पिक्चरभर पुरायचा. निदान अर्धा पिक्चर!

ताई : दुधाचं वाक्य काय होतं, म्हण बघू.

भोंगा : तुला माहीत नाही होय? ‘अहो, गॅसवर दूध आहे!’ आजसुद्धा आमच्या ऑफिसात कुणी घाई केली की मी तेच म्हणतो. सगळे हसतात.

ताई : मीही म्हणते. कोर्टात जज्जसाहेबांसमोर एकदा तोंडातून निसटलं होतं. पण भोंग्या, ही हिरोईन बघ.

भोंगा : बघितली.

ताई : कर्नलची मुलगी. दारात दोन गाड्या, उंच टोपीवाला खानसामा. मघाशी तिला चहा हवा होता तर तिने घंटा वाजवली. हिला घरात स्वयंपाकघर कुठे आहे ते तरी ठाऊक असेल का?

भोंगा : नसेल.

ताई : मग हिचं दूध गॅसवर कशाला असेल?

भोंगा : आता पिक्चरात काय, लिहिणाऱ्याने काहीही लिहिलं असेल! तू कशाला कीस पाडतेस? विनोद होता तो.

ताई : आणखी एक सांग. ती आतून ओरडायची तेव्हा पडद्यावर काय दिसायचं? तुला काय आठवतं?

भोंगा : हिरोचं तोंड. हे एवढं मोठं. थरथरणारं! काय काम केलं होतं, ताई! हसू दाबून दाबून त्याचं सगळं तोंड थरथरायचं. डोळा जरा मिटलेला, ओठ वाकडा. मी आरशात करून बघायचो, मला कधी जमलं नाही.

ताई : आणि तोंडावर पांढऱ्या रेघा.

भोंगा : हो, प्रिंट खराब होती.

ताई : आत्ता थरथरला तो?

भोंगा : नाही.

ताई : रेघा बाकी पिक्चरभर असायच्या? की तेवढ्याच वेळी?

भोंगा : मला काय माहीत! सात-आठ वर्षांचा होतो मी.

ताई : बाबांच्या दुकानातून तो जुना व्हिडिओ प्लेअर यायचा बघ. कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला, रविवारी घरी आणायचे. त्याच्यावर टेप थांबवली की काय व्हायचं?

भोंगा : काय व्हायचं?

ताई : चित्र थरथरायचं. पांढऱ्या रेघा यायच्या.

भोंगा : म्हणजे?

ताई : पिक्चर थांबवलेला असायचा.

भोंगा : काहीतरीच! थांबवलेल्या पिक्चरमधून बाई बोलेल कशी? आवाज कुठून येईल?

ताई : तेच म्हणतेय मी.

भोंगा : काय तेच? तेच काय? बोल ना पुढे! कोर्टातल्यासारखं अर्धं बोलून माणसाकडे बघत बसायचं नाही. बाबा हिरोची वाक्यं म्हणायचे, हे मला ठाऊक आहे. नक्कल करायचे, आवाज हुबेहूब. म्हणून काय लगेच... आणि संत्रं बाबा खायचे, बरोबर, संत्रं बाबांचं असेल. लहानपणी होते सरमिसळ. पण बाकीचं पिक्चरातलंच आहे. आईला विचारू. आई होती ना तिथे! आई! ए आई! जरा बाहेर ये गं!

आई : (आतल्या खोलीतून बाहेर येत) आलेच. ओरडू नकोस. भिंत कुठे एवढी जाड आहे, मघापासून पोपटासकट सगळं ऐकतेय.

भोंगा : बस इथे. आई, तूच सांग हिला. आपला पिक्चर आठवतो ना? कपाटाचा सीन?

आई : आठवतो.

भोंगा : केवढा मोठा होता! हो की नाही?

आई : पिक्चरात एवढाच होता. बघितला ना आत्ता तुम्ही? तेवढाच.

भोंगा : आणि दूध? थापा?

आई : ते आपल्या घरातलं.

ताई : आई...

आई : टीव्हीसमोरच्या भिंतीला कपाट नव्हतं का, पांघरुणांचं? तेच. त्यात काय विचारायचं? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.

भोंगा : ठाऊक? आम्हाला कसं ठाऊक असणार! आम्ही पिक्चर बघत होतो!

आई : तोंडं कपाटाकडे असायची तुमची. टीव्हीकडे पाठ. थाळ्या वाजवायचात.

ताई : मी वाजवायचे.

आई : दोघंही. तुझा ताल चांगला होता, हा नुसता बडवायचा.

भोंगा : थांबा. थांबा जरा. बाबा मस्करी करायचे. खेळ होता तो. तूही खेळायचीस. बाहेर यायचीस तेव्हा तू हसत असायचीस, आई. मला चेहरा दिसतोय तुझा. लाल झालेला, केस चिकटलेले, आणि हसणारा. ते तरी मी मनाने नाही रचलं!

आई : नाही, हसतच यायचे.

भोंगा : बघ!

आई : पहिल्यांदा रडत आले होते. तर हे म्हणाले, सीन बिघडला, पुन्हा घेऊ. आणि पुन्हा आत घातलं. तेव्हापासून हसत यायला शिकले.

ताई : आई, किती वेळ असायचीस आत?

आई : घड्याळ कुठे होतं आत? यांच्या मनावर असायचं. आठवडा कसा गेला, दुकानात कोण काय बोललं, मी शेजारणीशी किती वेळ बोलत उभी होते. कधी लगेच उघडायचे. कधी पुढचा पिक्चर लावून तो संपवायचे. तुम्ही झोपून जायचात सतरंजीवर.

ताई : आणि दूध?

आई : जळायचं. पातेलं मीच घासायचे नंतर.

भोंगा : मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?

आई : काय सांगू? नवरा पिक्चरातला विनोद करतो? तूच मघाशी म्हणालास ना, त्यावर कुणी संसार मोडतं का? माझ्या आईनेही तेच म्हटलं होतं. शब्दसुद्धा हेच.

भोंगा : पण बाबा... बाबा वाईट नव्हते गं. म्हातारी माणसं रेडिओ घेऊन यायची, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ते गेले तेव्हा दुकानासमोर रस्ता भरला होता. लोक रडता रडता त्यांचे विनोद सांगत होते.

आई : मी कुठे वाईट म्हटलं? सगळ्यांना हसवायचे. जिथे बसतील तिथे माणसं गोळा व्हायची. तुझ्यासारखेच.

भोंगा : असं नको म्हणूस.

आई : बरं, नाही म्हणत.

ताई : रविवारी सकाळी तू कपाट आवरायचीस. मला आठवतंय. खालची पांघरुणं काढून पलंगावर ठेवायचीस. मी विचारलं होतं, आजच का काढतेस. तू म्हणालीस, ऊन देते त्यांना.

आई : पांघरुणं असली की पाय दुमडून बसता यायचं नाही. मग पाण्याची बाटली ठेवायचे कोपऱ्यात. उन्हाळ्यात ओला रुमाल.

ताई : आधीच?

आई : रविवारी पिक्चर असायचाच ना.

भोंगा : बंद कर तो टीव्ही, ताई. नाचतायत अजून.

ताई : केला.

आई : मला एक सांग रे. त्या तुझ्या लिफ्टमध्ये उजेड होता का?

भोंगा : कसला उजेड?

आई : तू मेन पाडलास म्हणालास. मग आत दिवा राहतो का?

भोंगा : राहतो. म्हणजे छताला छोटा असतो एक, बॅटरीवरचा. मेन गेला की आपोआप लागतो. नियमच आहे तसा.

आई : लागला का?

भोंगा : बॅटरी उतरली होती. बदलायची होती.

आई : कुणी बदलायची होती?

भोंगा : मीच.

आई : मग तिला काही दिसत नसणार. आमच्या कपाटाच्या दोन दारांत बोटभर फट होती, टीव्हीचा उजेड यायचा. बरं असायचं ते. तुम्ही दोघं दिसायचात.

ताई : आम्ही थाळ्या वाजवताना.

आई : दिसायचात तरी.

भोंगा : मी... आई, मला खरंच वाटलं ती हसतेय. शपथ. मी दार उघडलं तेव्हा ती खाली कोपऱ्यात बसलेली होती, फाईल तोंडावर धरून. मी म्हटलं, उठा राणीसरकार. तर ती माझ्या बाजूने निघून गेली. एक चप्पल आतच राहिली. मला वाटलं, रुसली. ताई, चल. आत्ता जाऊ. सीन नको, मोबाईल नको, काही नको. मी तिचे पाय धरतो. तू फक्त वर जाऊन म्हण, तो खाली उभा आहे.

ताई : मी नाही येत.

भोंगा : तू कबूल केलं होतंस!

ताई : आमच्या घरात अशीच मस्करी चालते, हे सांगायचं कबूल केलं होतं. आता तेच वाक्य कुठल्या तोंडाने म्हणू? खरं आहे म्हणूनच म्हणवत नाही.

भोंगा : मग मी काय करू? सांग ना! मला काय ठाऊक होतं? मला वाटायचं बायकोला असंच... असंच हसवतात. सगळ्यांत छान जो सीन होता तोच मी केला. दुसरा कुठला मला येतच नाही!

ताई : हळू बोल.

आई : माझी पिशवी दे गं. आणि तिच्या बहिणीचा पत्ता लिहून दे मोठ्या अक्षरात.

ताई : तू?

आई : मी जाते.

भोंगा : आई, तू जाशील? तुझं ऐकेल ती. मोठं माणूस आलं की नाही म्हणणार नाही. तू तिला म्हण, एकदा परत ये. पुन्हा असं झालं तर मला घराबाहेर काढ म्हणावं. मी सोडतो तुला, गाडी काढतो.

आई : गाडी नको. बस जाते ना तिकडे?

ताई : जाते. पण दोनदा बदलावी लागेल.

आई : बदलेन.

भोंगा : अगं, गाडी असताना बसने कशाला? मी वर नाही येणार, खालीच थांबेन. काचा वर करून बसेन. एक शब्द बोलणार नाही.

आई : तुझी गाडी खिडकीतून दिसली तर ती मलाही दार उघडायची नाही.

भोंगा : पण म्हणशील ना तिला? परत ये म्हणून?

आई : नाही.

भोंगा : नाही?

आई : परत ये म्हणणारे सगळे जाऊन आले असतील. त्यात मी कशाला भर घालू?

भोंगा : मग जातेस तरी कशाला? काय बोलणार तू तिथे जाऊन?

आई : बोलायचं काय असतं? बसेन तिच्याजवळ थोडा वेळ. माझ्याकडे कुणी आलं नव्हतं.